वाचकांचे प्रश्न : नव्या ओळीचं बटण मुकं का राहतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नांदेडला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. मामांची वसमतला हळदीची आडत आहे. काट्यावर कट्टे मोजले जातील तसं वजन टाकत जावं आणि खाली एकूण वजन दिसावं, असं एक वेबपान मी त्यांच्यासाठी बनवलंय. तक्त्यात आधीच पाच ओळी आहेत. कट्टे जास्त असले की ‘कट्टा वाढवा’ दाबल्यावर नवी ओळ येते. प्रत्येक ओळीत वजनाचा रकाना आणि ‘काढा’चं बटण. पहिल्या पाच ओळींचं ‘काढा’ चालतं, नव्या ओळींचं दाबलं तर काहीच होत नाही. मग नवी ओळ आली की सगळ्या बटणांना पुन्हा क्लिक जोडायचं ठरवलं. नवी बटणं चालू झाली, पण दोन कट्टे वाढवून पहिला ५२.४ किलोचा कट्टा काढला तर एकूणातून १५७.२ किलो वजा झाले. मित्र म्हणाला, ओळ वेगळी बनवू नको, टीबॉडीच्या (तक्त्यातल्या ओळींच्या डब्याच्या) इनर-एचटीएमएललाच, म्हणजे आतल्या मजकुरालाच, पुढं जोडत जा. तसं केलं तर भरलेली वजनंच गेली आणि जुनी बटणंही बंद पडली. काय चुकतंय?
— एक विद्यार्थी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : तुझं पत्र वाचून मी आधी १५७.२ हा आकडा कागदावर मांडला. ५२.४ ला तिनानं गुणलं की तोच येतो. म्हणजे एका क्लिकमध्ये वजाबाकी तीनदा झाली. तू नुसतं ‘एकूण चुकतंय’ असं लिहिलं असतंस तर मला हे कळलं नसतं. आकडा दिलास, फार बरं केलंस.

आता पहिल्या अडचणीपासून घेऊ. पान उघडलं तेव्हा तू क्वेरी-सिलेक्टर-ऑल वापरून ‘काढा’ची बटणं गोळा केलीस. त्या घडीला तक्त्यात पाचच होती, म्हणून पाचच मिळाली. ही यादी त्या क्षणाची असते, मागून आलेली ओळ तिच्यात आपोआप शिरत नाही. आणि ॲड-इव्हेंट-लिसनरनं बसवलेला ऐकणारा, म्हणजे लिसनर, चिकटतो तो त्या एकेका बटणाला, बटणाच्या क्लासला, म्हणजे त्याच्या गटाच्या नावाला, नाही. नव्या ओळीतल्या बटणाचा क्लास तोच, रंग तोच, पण त्याच्यापाशी ऐकायला कुणी बसवलेलंच नाही.

इथं पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमुळं फसगत होते, माझ्या वर्गातली निम्मी लेकरं याच जागी अडतात. सीएसएसमध्ये क्लासला रंग दिला की तासाभरानं आलेल्या ओळीलाही तो लागतो, कारण तो नियम ब्राउझर सतत लावत असतो. जावास्क्रिप्टमधली तुझी ओळ मात्र एकदा चालते आणि संपते. क्लास दोन्हीकडं सारखाच दिसतो म्हणून वागणूकही सारखीच असेल असं वाटतं, ती तशी नसते.

तू दुसरा उपाय केलास तो पुन्हा जोडण्याचा. पान उघडताना पाच बटणांना एकेक लिसनर लागला. सहावी ओळ आल्यावर तू सगळ्यांना जोडलंस, तेव्हा जुन्या पाचांकडं दोन-दोन झाले, सहाव्याकडं एक. सातवी आली, जुन्या पाचांकडं तीन-तीन. मग पहिला कट्टा काढल्यावर तिघांनीही आपापलं काम केलं. ओळ एकदा निघून गेली की दुसऱ्यांदा काढण्यात काही उरत नाही, म्हणून डोळ्यांना एकच ओळ गेलेली दिसली. वजाबाकी मात्र तिघांनी मन लावून केली. तेच नाव दिलेलं एकच फंक्शन पुन्हा जोडलं असतंस तर ब्राउझरनं दुसऱ्यांदा ते घेतलंच नसतं. पण लूपच्या आत तिथल्या तिथं लिहिलेलं फंक्शन दर वेळी नवं जन्माला येतं, त्यामुळं ब्राउझरला ते वेगवेगळेच वाटतात.

या चुकीला किरकोळ समजू नकोस. हळदीचा भाव क्विंटलला १२,००० रुपये धरला तर ५२.४ किलोचे ६,२८८ रुपये होतात. एकूणातून १०४.८ किलो जास्तीचे गेले म्हणजे शेतकऱ्याच्या पट्टीतून १२,५७६ रुपये गेले. ज्यानं नऊ महिने हळद जमिनीत ठेवली, मग उकडली, वाळवली, पॉलिश केली, त्याचे ते पैसे आहेत. मीही हे एकदा केलेलं आहे. परभणीत एका दुकानासाठी पावतीचं पान बनवलं होतं आणि रात्री साडेनऊला फोन आला की एकाच गिऱ्हाईकाच्या चार पावत्या निघाल्या. कारण हेच होतं. त्या रात्रीनंतर मी लूप लावून बटणांना लिसनर जोडणं सोडलं.

मित्राचा उपाय तर आणखी महागात पडणारा आहे. इनर-एचटीएमएलच्या पुढं अधिकचं चिन्ह लावून जोडलं की आपल्याला वाटतं, शेवटी एक ओळ वाढली. प्रत्यक्षात ब्राउझर आधी सगळा तक्ता मजकुरात उतरवतो, त्याला तुझी नवी ओळ जोडतो, जुना तक्ता पाडतो आणि मजकुरावरून नवा उभा करतो. जुनी बटणं गेली, त्यांच्याबरोबर त्यांचे लिसनरही गेले. आणि रकान्यात हातानं टाकलेलं वजन एचटीएमएलच्या मजकुरात कधी लिहिलेलंच नसतं, म्हणून तेही गेलं. ओळ वाढवायला इन्सर्ट-ॲडजेसंट-एचटीएमएल आहे, किंवा टेम्प्लेट टॅगमध्ये कोरी ओळ ठेवून तिची क्लोन-नोडनं प्रत काढ. मी टेम्प्लेटच वापरते. ओळीचं रूप एचटीएमएलमध्येच राहतं, उद्या मामांनी हळदीच्या प्रकाराचा, कांडी की गट्टू असा रकाना मागितला तर जावास्क्रिप्ट उघडावं लागत नाही.

आता खरा उपाय. जिंतूर तालुक्यात माझ्या आजोळी माळवदाचं जुनं घर होतं. आत माजघर, मग वसरी, आंगण आणि दारापाशी ढाळज. आजोबा दिवसभर ढाळजेत बसायचे. माजघरात कुणी हाक मारली की ती वसरीत यायची, तिथून आंगणात आणि तिथून ढाळजेत. आजोबा विचारायचे, “कोण हाक मारतंय?” आणि मग काय ते बघायचे. घरात नवी सून आली, लेकरू जन्मलं, म्हणून कुणी आजोबांना जाऊन सांगितलं नाही की आता याच्याही हाकेकडं लक्ष ठेवा. हाक कुणाचीही असो, ती ढाळजेपर्यंत यायचीच.

वेबपानात क्लिक अशीच वर येते. बटणावर क्लिक झाली की ती बटणावरून टीडीत म्हणजे रकान्यात, टीडीतून टीआरमध्ये म्हणजे ओळीत, तिथून टीबॉडीत, मग टेबल, बॉडी, एचटीएमएल, डॉक्युमेंट आणि शेवटी विंडोपर्यंत जाते. याला बबलिंग म्हणतात, पाण्यातला बुडबुडा तळातून वर यावा तसं. तुझ्या पानात ओळी येतात-जातात, टीबॉडी जागचा हलत नाही. म्हणून लिसनर फक्त टीबॉडीला लाव, एकच, पान उघडताना एकदाच. या पद्धतीला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात. पाच ओळी असोत की दोनशे, लिसनर एकच राहतो, आणि उद्या येणाऱ्या ओळीचीही सोय आजच झालेली असते.

‘कोण हाक मारतंय’ याचं उत्तर इव्हेंटच्या, म्हणजे घडलेल्या घटनेच्या, टार्गेटमध्ये असतं. करंट-टार्गेट वेगळं, ते म्हणजे ऐकणारा, तुझ्याकडं टीबॉडी. या दोहोंत गोंधळ करू नकोस. पण टार्गेटवरही थेट विसंबू नये. तुझ्या ‘काढा’च्या बटणात केराच्या डब्याचं चित्र असेल आणि बोट नेमकं चित्रावर पडलं, तर टार्गेट ते चित्र असतं, बटण नव्हे. ‘टार्गेटचा क्लास काढा आहे का’ असं तपासलंस तर बटणाच्या कडेला दाबल्यावर चालेल आणि मधोमध दाबल्यावर चालणार नाही. मोंढ्यात हळदीनं पिवळे झालेले हात मोबाइलवर बरोबर कडेलाच पडतील अशी अपेक्षा कुणी करू नये. म्हणून टार्गेटवर क्लोजेस्ट चालव आणि त्याला बटणाचा क्लास दे. क्लोजेस्ट आधी स्वतःकडं बघतो, मग आईबापांकडं, असं वर-वर जात पहिलं जुळणारं सापडलं की ते देतो, नाहीतर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतो. नल आला तर समजायचं की क्लिक दुसरीकडं कुठं तरी झाली, आणि तिथूनच परत फिरायचं. बटण मिळालं की त्याच्यावर पुन्हा क्लोजेस्ट, या वेळी टीआरसाठी, आणि ती ओळ रिमूव्ह.

बटणाला टाइप बटण असं लिहायला विसरू नकोस. फॉर्मच्या आतलं बटण टाइप न दिल्यास सबमिटचं समजलं जातं, पान नव्यानं उघडतं आणि सगळी वजनं जातात. आणि प्रत्येक ओळीत तोच आयडी असेल तर तो काढून क्लास कर. गेट-एलिमेंट-बाय-आयडी पहिल्याच ओळीशी थांबतो.

राहिलं एकूण. ते वजा-अधिक करत चालवू नकोसच. ओळ काढली, वाढवली, वजन बदललं, काहीही झालं तरी उभ्या असलेल्या सगळ्या ओळींची वजनं पहिल्यापासून मोजायची. दोनशे कट्ट्यांची बेरीज ब्राउझरला काहीच जड नाही. मग एखादा लिसनर चुकून दोनदा चालला तरी एकूण बरोबरच येईल, कारण तेच दोनदा मोजलं तर उत्तर तेच येतं. वजन टाकताना होणारी इनपुट ही घटनाही वर येते, तेव्हा त्याच टीबॉडीवर तिचा दुसरा लिसनर लाव. मापाडी एकेक आकडा सांगत जाईल तसं खालचं एकूण बदलत जाईल आणि काट्यापाशी उभ्या शेतकऱ्याला ते डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : मॅडम, मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. चाचणीचे गुण भरायला एक पान केले आहे. २० पेक्षा जास्त गुण टाकून शिक्षक रकान्यातून बाहेर पडले की रकाना लाल व्हावा, म्हणून टीबॉडीवर ब्लरचा (रकाना सोडल्याच्या घटनेचा) लिसनर लावला. तो कधीच चालत नाही. क्लिकचा मात्र त्याच टीबॉडीवर व्यवस्थित चालतो.
— एक शिक्षक, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : सर, तुमची मांडणी बरोबर आहे, निवडलेली घटना तेवढी वेगळी घ्यायला हवी. फोकस आणि ब्लर वर जात नाहीत. जिथं घडतात तिथंच संपतात. त्यांची वर जाणारी भावंडं म्हणजे फोकस-इन आणि फोकस-आउट. ब्लरच्या जागी फोकस-आउट लिहा, बाकी काही बदलू नका. माउस-एंटर आणि माउस-लीव्हचंही असंच, त्यांच्या जागी माउस-ओव्हर आणि माउस-आउट. चित्र न सापडल्याची एरर घटनाही वर येत नाही.

ब्लरच ठेवायचं असेल तर दुसरी वाट आहे, आणि तिच्यामागं थोडा इतिहास आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केपनं घटना वरून खाली उतरत जाते असं मानलं, मायक्रोसॉफ्टनं खालून वर. २००० साली वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं घटनांचं प्रमाण ठरवलं तेव्हा दोन्ही ठेवलं. आधी घटना वरून खाली बटणापर्यंत येते, मग परत वर जाते. ब्लर परत वर जात नाही, पण खाली उतरताना ती टीबॉडीवरूनच जाते. ॲड-इव्हेंट-लिसनरला तिसरी किंमत ट्रू दिली की तो उतरतानाच ऐकतो. हे चालतं, पण पुढं कुणी दुसरा शिक्षक तुमचा कोड वाचणार असेल तर फोकस-आउट जास्त स्पष्ट आहे.

मला तुमच्या पानात दोन वेगळ्याच गोष्टींची काळजी वाटली, न विचारता सांगते. गैरहजर लेकराचा रकाना रिकामा असतो. रिकाम्या मजकुराला जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन लावलं की शून्य येतो. चाचणीला न आलेल्या पोराला शून्य गुण पडले असं नोंदलं जाईल आणि वर्गाची सरासरीही उतरेल. तेव्हा आकडा करण्याआधी रकाना रिकामा आहे का ते बघा आणि तिथं ‘गैरहजर’ असंच ठेवा.

दुसरं, तुमच्या शाळेत मराठी कीबोर्डवरून कुणी ‘२८’ असं देवनागरीत टाकलं तर नंबर ते ओळखत नाही, ‘आकडा नाही’ अशा अर्थाचं एनएएन देतो. आणि एनएएन २० पेक्षा मोठा आहे का असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. म्हणजे २० पैकी २८ गुण पडले तरी रकाना लाल होणार नाही, कुणाला कळणारही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ व्या जागी आहे आणि नऊ २४१५ व्या, ओळीनं. इंग्रजी शून्य ४८ व्या जागी. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की त्याच्या इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. हे काम आधी करून घ्या, मग तुलना करा. आपल्या माणसांनी आपल्या लिपीत अंक टाकावेत आणि पानानं ते समजून घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं. रकान्याचा टाइप नंबर न ठेवता टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोडला न्युमेरिक लिहा, म्हणजे मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड येईल आणि देवनागरी अंकही तुमच्या हाती पोचतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे जुने पान जेक्वेरीवर (जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीवर) चालते. जेक्वेरीची आवृत्ती बदलल्यापासून हप्त्यांच्या यादीतली बटणे बंद पडली. कोडमध्ये सगळीकडे ‘लाइव्ह’ आहे. मी त्याजागी ‘ऑन’ लिहून पाहिले, तर पान उघडताना असलेली बटणे चालतात, मागून आलेली नाहीत.
— एक कर्मचारी, जालना

उत्तर : साहेब, लाइव्ह २००९ मध्ये जेक्वेरी १.३ बरोबर आलं. मागून येणाऱ्या बटणांची सोय त्यात होती, म्हणून त्या काळी सगळ्यांनी ते भरभरून वापरलं. पण लाइव्ह ऐकायचं ते थेट डॉक्युमेंटवर, म्हणजे पानाच्या अगदी माथ्यावर. मधे कुणी स्टॉप-प्रोपगेशन लिहिलं की घटना तिथंच अडायची आणि लाइव्हपर्यंत पोचायचीच नाही. २०११ मध्ये १.७ बरोबर ऑन आलं आणि २०१३ मध्ये १.९ मधून लाइव्ह काढून टाकलं.

तुम्ही नाव बदललं, पण बसण्याची जागा तीच ठेवली. बटणांवरच ऑन लावला तर तो त्या घडीला असलेल्या बटणांनाच चिकटतो, वर वसमतच्या विद्यार्थ्याचं झालं तेच. जेक्वेरीच्या कंसात बटणाऐवजी यादीचा न हलणारा डबा द्या, आणि ऑनला तीन गोष्टी द्या. आधी क्लिक, मग बटणाचा क्लास, शेवटी फंक्शन. मधली गोष्ट सुटली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. अशा तऱ्हेनं लावलेल्या फंक्शनमध्ये धिस म्हणजे दाबलेलं बटणच असतं, तेव्हा तुमचा आतला कोड बहुतेक आहे तसाच चालेल.

सगळं एका दिवसात बदलणं शक्य नसेल आणि तुमची जेक्वेरी ३ च्या आधीची असेल, तर जुना कोड चालू ठेवणाऱ्या जेक्वेरी मायग्रेटची १.x आवृत्ती जेक्वेरीच्या खाली जोडा. ती लाइव्ह परत चालू करते आणि जुनं वापरलं की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये इशारा देते. ते इशारे बघत एकेक पान बदलत जा. हप्त्याचं पान आधी घ्या, आणि बदलल्यावर एक खोटं खातं उघडून त्यात दोन हप्ते मागून वाढवून पाहा. ती दोन बटणं चालली की मग खऱ्या खात्यांवर जा.